‘पेनिसिलीन व डेरिव्हेटिव्हज टाळा’ म्हणजे नेमकं काय टाळायचं?

प्रश्न सेलूच्या एका ताईंचा आहे. त्यांच्या आईला काही वर्षांपूर्वी पेनिसिलीनचं इंजेक्शन दिल्यावर अंगभर पित्त उठलं, ओठ सुजले, दोन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. सुट्टी देताना कार्डावर लाल शाईनं लिहून दिलं, ‘पेनिसिलीन व डेरिव्हेटिव्हज टाळा’. आता दाढ काढायची आहे. मुलगा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे, तो म्हणतो डेरिव्हेटिव्ह म्हणजे एका संयुगापासून बनवलेलं दुसरं संयुग. ताई विचारतात, ‘अशी तर शेकड्यानं औषधं असतील, मग मेडिकलवाल्याला सांगायचं काय? आणि आईची शुगरची गोळी सल्फाची डेरिव्हेटिव्ह आहे असं वाचलं, ती बंद करू का?’

शुगरची गोळी बंद करू नका. का, ते पुढे येईलच.

मी बी.फार्म. करून आठ वर्षं वाळूजला एका औषध कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होतो. त्यानंतर आजपर्यंत परभणीत मेडिकल चालवतो. म्हणजे हा शब्द मी प्रयोगशाळेतून पाहिलाय आणि काउंटरवरूनही. दोन्हीकडे त्याचा अर्थ एकच नाही, आणि तुमचा घोटाळा तिथंच झालाय. तुमचा मुलगा चुकलेला नाही, कार्डावर लिहिणारे डॉक्टरही चुकलेले नाहीत.

आधी मुलाचा अर्थ घेऊ. मराठी विश्वकोशात यासाठी ‘अनुजात’ असा शब्द आहे. मूळ रेणूचा सांगाडा शाबूत ठेवून त्याचा एखादा अणू किंवा गट बदलला की झालं अनुजात. आपल्या व्याकरणात ‘कर’ या धातूला प्रत्यय लावून ‘करणारा’, ‘करणी’ असे साधित शब्द होतात, तसंच. धातू ओळखू येतो, अर्थ मात्र बदललेला असतो.

आमच्या वेळी प्रॅक्टिकलला परीक्षानळीत एक अनोळखी पदार्थ द्यायचे आणि ‘डेरिव्हेटिव्ह काढ’ म्हणायचे. समजा तो ॲनिलीन निघाला. तो तेलकट द्रव, त्याचा मेल्टिंग पॉइंट हातात येत नाही. मग त्यावर ॲसेटिक ॲनहायड्राइड घालून ॲसिटॅनिलाइड करायचं, पांढरे चकचकीत स्फटिक गाळून वाळवायचे, थिलच्या नळीत तापवायचे. ११४ अंशांना वितळले की मूळ पदार्थ ॲनिलीनच, असं छातीठोक लिहायचं. बर्नरची ज्योत हलू नये म्हणून पंखे बंद. एप्रिलात परभणीला पंखा बंद म्हणजे स्फटिकाआधी पोराचाच मेल्टिंग पॉइंट निघायचा. पण गोष्ट डोक्यात पक्की बसली: अनुजातावरून मूळ ओळखता येतं, इतकं त्यांचं नातं जवळचं.

नातं जवळचं म्हणजे गुण सारखे, असं मात्र नाही. माझ्या दुकानातली तीन फडताळं दाखवतो.

सॅलिसिलिक ॲसिड घ्या. बेंझिनचं एक कडं, त्याला शेजारी शेजारी दोन हात. एक हात ओएच गटाचा, दुसरा ॲसिडचा, म्हणजे सीओओएच गटाचा. दोन्ही हात मोकळे असले की हा पदार्थ कातडीचा वरचा मेलेला थर सोलून काढतो. म्हणून तो कुरूपाच्या पट्टीत असतो, आणि नायट्याच्या जुन्या व्हिटफिल्ड मलमात बेंझॉइक ॲसिडच्या जोडीला ३ टक्के असतो. हे पहिलं फडताळ. आता ॲसिडच्या हातावर मिथाइल गट चढवा. मिथाइल सॅलिसिलेट झालं, म्हणजे विंटरग्रीनचं तेल. कंबर धरल्यावर चोळायच्या बहुतेक मलमांना जो उग्र गोडसर वास येतो, तो याचा. तो हात तसाच ठेवून ओएचच्या हातावर ॲसिटाइल गट चढवा, की ॲस्पिरिन. कडं तेच, एकाच हातातली वस्तू बदलली, आणि एक अनुजात कमरेला चोळायचं झालं तर दुसरं हृदयाच्या पेशंटनं रोज ७५ मिलिग्रॅम गिळायचं.

उलट करून चालत नाही. चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटर शुद्ध विंटरग्रीन तेलात जवळपास ७ ग्रॅम ॲस्पिरिनइतकं सॅलिसिलेट असतं. ३२५ मिलिग्रॅमच्या वीसहून जास्त गोळ्या झाल्या. लहान लेकराच्या पोटात गेलं तर जिवावर बेतेल. ‘ॲस्पिरिनच्याच घराण्यातलं आहे’ हे वाक्य खरं आहे, पण गिळणाऱ्याच्या काही कामाचं नाही.

ॲस्पिरिनमध्ये आणखी एक गंमत आहे, आणि डेरिव्हेटिव्ह हा विषय मला खरा कळला तो तिथं. १८५३ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गेरहार्ट यांनी हे संयुग ओबडधोबड स्वरूपात केलं होतं, १८९७ मध्ये बायर या जर्मन औषध कंपनीच्या फेलिक्स हॉफमान यांनी ते शुद्ध केलं. हेतू असा, की सॅलिसिलिक ॲसिडनं पोटात आग व्हायची, त्याचा ओएचचा हात झाकला तर त्रास कमी होईल. म्हणजे ॲसिटाइल गट हे नुसतं झाकण होतं. पुढे कळलं की रक्त पातळ ठेवायचं मुख्य काम हे झाकणच करतं. ॲस्पिरिन आपला ॲसिटाइल गट काढून प्लेटलेटमधल्या एका एन्झाइमवर कायमचा चिकटवतं आणि त्या प्लेटलेटच्या उरलेल्या आयुष्यात, म्हणजे आठ-दहा दिवस, ती गुठळी करायच्या कामातून बाद होते. साधं सॅलिसिलिक ॲसिड हे करू शकत नाही, त्याच्याकडे द्यायला ॲसिटाइल गटच नाही. तुमच्या आई ‘रक्त पातळ करायची’ गोळी घेत असतील तर दाढेआधी दाताच्या डॉक्टरांना तेही सांगा. स्वतःहून ती बंद करू नका.

वाळूजला पावसाळ्यात आम्ही या गोळ्यांवर डोळ्यांत तेल घालून असायचो. ओल लागली की ॲसिटाइल गट सुटतो, एकीकडे ॲसेटिक ॲसिड, दुसरीकडे मूळचं सॅलिसिलिक ॲसिड. बाटली उघडली की व्हिनेगरचा वास. भुकटीवर फेरिक क्लोराइडचा थेंब टाकला की जांभळा रंग, कारण ओएचचा हात पुन्हा मोकळा झालेला. अनुजात परत मूळपदावर येऊ शकतं, हे मी त्या जांभळ्या रंगात पाहिलंय. घरी जुन्या ॲस्पिरिनला आंबूस वास आला तर टाकून द्या.

हाच धर्म औषधवाले मुद्दाम वापरतात. क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक इतकं कडू, की लेकरं थुंकायची. त्याला पामिटिक ॲसिड जोडून क्लोरॅम्फेनिकॉल पामिटेट केलं, ते बेचव झालं. आतड्यात गेल्यावर जोड तुटते आणि मूळ औषध मोकळं होतं. इथं अनुजात म्हणजे नुसतं मूळ औषधाचं पार्सल.

आपल्याकडचंच एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. मानवत-सेलूकडचा कापूस जिनिंगला जातो, रुई निघते, सरकी निघते, आणि सरकीला बारीक आखूड लव चिकटून राहते. ती लव म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. पाण्यात कितीही भिजवा, विरघळणार नाही. विरघळलं असतं तर पहिल्याच पावसात धोतर वाहून गेलं असतं. याच सेल्युलोजवर कॉस्टिक सोडा आणि मोनोक्लोरोॲसेटिक ॲसिडची क्रिया केली की कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज होतं, ते पाण्यात मिसळून बुळबुळीत होतं, आणि त्याचं ०.५ टक्क्याचं पाणी डोळ्यांच्या कोरडेपणावर थेंब म्हणून घालतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आमच्याकडं रोज कुणी ना कुणी ही बाटली न्यायला येतं. आणि याच सेल्युलोजवर नायट्रिक आणि सल्फ्युरिक ॲसिडची क्रिया केली की होतं गनकॉटन, स्फोटक. शोनबाइन नावाच्या रसायनशास्त्रज्ञांनी १८४६ मध्ये हे जगासमोर आणलं. एकाच सरकीच्या लवेतून डोळ्यातलं औषध आणि तोफेची दारू निघू शकते. एका शेतकऱ्याला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘आन् भाव मातर दोन्हीचा आमालाच मिळंना.’ त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

मुलाला आणखी एक सांगा, कारण परीक्षेत याचा घोळ होतो. ‘अमुक हे तमुकाचं डेरिव्हेटिव्ह’ म्हणजे ते प्रत्यक्षात त्यापासून बनवलंच असेल असं नाही. कोडीन हे मॉर्फिनचं मिथाइल अनुजात, असं पुस्तकात असतं. कागदावर बरोबर आहे. पण अफूच्या बोंडात कोडीन मुळातच असतं, आणि झाड आधी कोडीन करतं, मग त्यातून मॉर्फिन. पुस्तकातला बाप झाडात लेक आहे! वर माणसाच्या यकृतात गेल्यावर कोडीनचा थोडा भाग पुन्हा मॉर्फिन होतो. म्हणून डेरिव्हेटिव्ह ही आकारावरून मांडलेली वंशावळ आहे, जन्माचा दाखला नाही.

मॉर्फिनच्या दोन्ही ओएचवर ॲसिटाइल चढवले की हेरॉइन. क्रिया तीच, ॲस्पिरिनवाली. लंडनमध्ये ॲल्डर राइट यांनी ते १८७४ मध्ये केलं होतं, आणि १८९७ मध्ये त्याच हॉफमान यांनी, ॲस्पिरिननंतर थोड्याच दिवसांत, पुन्हा केलं. बायरनं ते खोकल्याचं औषध म्हणून विकलंही. म्हणून आपल्याकडं ॲसेटिक ॲनहायड्राइडवर सरकारचं बारीक लक्ष असतं. वाळूजला आमच्या स्टोअरमध्ये त्याचा हिशेब वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावा लागे.

आता काउंटरवरचा अर्थ. डॉक्टर, कायदा आणि आम्ही मेडिकलवाले डेरिव्हेटिव्ह शब्द फार सैल वापरतो. बऱ्याच वेळा त्याचा अर्थ ‘त्यातून काढलेलं’ एवढाच असतो, रासायनिक बदल काहीच नसतो. टीबीच्या शंकेनं हातावर मांटू टेस्ट करतात, त्या औषधाला पीपीडी म्हणतात, त्यातला डी म्हणजे डेरिव्हेटिव्ह. ते काय असतं? टीबीचे जंतू वाढवून, उष्णतेनं मारून, त्या द्रवातून गाळून शुद्ध केलेली प्रथिनं. कुणी कुठला गट बदललेला नाही. हातावर टोचल्यावर ४८ ते ७२ तासांनी जी कडक गाठ येते तिची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजतात. लाली मोजायची नसते, तरी लोक लाली बघून घाबरतात. ‘ब्लड डेरिव्हेटिव्ह’ म्हणजेही तेच: प्लाझ्मातून वेगळं केलेलं अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन, हिमोफिलियावाल्यांचं फॅक्टर ८. कायद्यात तर आणखी मजा. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात ‘अफूचे डेरिव्हेटिव्ह’ची व्याख्या आहे, तिच्यात अफूतून नुसतं वेगळं केलेलं मॉर्फिनही येतं, आणि क्रिया करून बनवलेलं हेरॉइनही. केमिस्ट, म्हणजे रसायनशास्त्रवाला, म्हणेल पहिलं डेरिव्हेटिव्ह नाही. न्यायाधीश म्हणेल आहे. जेल दोन्हीला एकच.

आणि ‘साल्ट’ हा तिसरा शब्द यात कालवू नका. काउंटरवर लोक विचारतात, ‘याचं साल्ट काय?’ म्हणजे आतलं औषध कोणतं. केमिस्टचा साल्ट म्हणजे क्षार: डायक्लोफेनॅक सोडियम, मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड. शरीरात गेल्यावर औषधाचा रेणू तोच.

आता तुमच्या कार्डाकडे येतो.

पेनिसिलीनच्या रेणूत दोन कडी एकमेकांना चिकटलेली असतात: एक चार अणूंचं, त्याला बीटा-लॅक्टम म्हणतात, आणि एक पाच अणूंचं. त्यांना एक शेपूट जोडलेलं असतं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये हे शेपूट नसलेला नुसता गाभा हाती आला, आणि मग त्याला हवं ते शेपूट जोडायची वाट मोकळी झाली. १९६१ मध्ये अँपिसिलिन आलं. त्याच्या शेपटावर फक्त एक ओएच जादा चढवला की अमॉक्सिसिलिन, पोटातून जास्त चांगलं रक्तात जाणारं. क्लॉक्सासिलिन, पिपरासिलिन याच गाभ्याची. मुंडासं बदललं तरी माणूस तोच. ॲलर्जी बहुतेक वेळा या गाभ्याशी किंवा शेपटाशी असते. म्हणून कार्डावरच्या ‘डेरिव्हेटिव्हज’चा अर्थ शेकडो औषधं नाही, जिथं हा जोडकड्याचा गाभा आहे तेवढीच. नावाच्या शेवटी ‘सिलिन’ दिसलं की थांबायचं. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिडची जोडगोळी दाताला सर्रास देतात, ती यातच आली. बेंझाथिन पेनिसिलीन, संधिवातज्वराच्या मुलांना तीन-चार आठवड्यांनी देतात ते इंजेक्शन, काटेकोर बोलायचं तर पेनिसिलीनचा क्षार आहे, डेरिव्हेटिव्ह नाही. पण तुमच्या आईला तेही नको. इथं केमिस्टचा काटेकोरपणा घरी ठेवून या.

मोठी अडचण अशी, की डब्यावर ठळक असतं ते ब्रँडचं नाव. त्यात पेनिसिलीन हा शब्द औषधालाही सापडत नाही. आमच्याच दुकानातली गोष्ट सांगतो. दुकान नवं होतं. जिंतूरकडचा एक माणूस पायाला गळू घेऊन आला, ‘मला पेन्सिलीनची रिॲक्शन हाय’ असं स्पष्ट म्हणाला. माझ्या हाताखालच्या पोरानं चिठ्ठी बघून कॅप्सूल दिल्या. त्यात अँपिसिलिन आणि क्लॉक्सासिलिन होतं, चिठ्ठीवर फक्त ब्रँड. मी जेवायला घरी. संध्याकाळी तो माणूस अंगभर पित्त घेऊन, खाजवत दुकानात परत आला. बोलताना धाप लागत होती. शटर अर्धं ओढून मी स्वतः त्याला गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं. तासाभरानं तो बरा झाला आणि म्हणाला, ‘सांगितलं व्हतं ना भाऊ.’ चिठ्ठी लिहिणाऱ्याची चूक होती, पोराचीही, पण दुकानावर पाटी माझी. तेव्हापासून ‘सिलिन’वाल्या प्रत्येक डब्याच्या कडेला आम्ही लाल पेनानं फुली मारतो.

ज्यांची नावं ‘सेफ’नं सुरू होतात ती औषधं, म्हणजे सेफालेक्सिन, सेफिक्झिम, सेफ्ट्रायॅक्झोन वगैरे, त्यांच्यातही बीटा-लॅक्टमचं चौकोनी कडं असतं, पण त्याला जोडलेलं दुसरं कडं वेगळं. पूर्वी शिकवायचे की पेनिसिलीनची ॲलर्जी असलेल्या दहापैकी एकाला ही सोसत नाहीत. नंतर कळलं की तो आकडा फुगलेला होता, खरा धोका शेकडा दोनच्या आसपास. आणि तो मुख्यतः शेपूट जुळतं का यावर ठरतो. सेफालेक्सिनचं शेपूट अँपिसिलिनसारखं, सेफाड्रॉक्सिलचं अमॉक्सिसिलिनसारखं. म्हणून त्या दोघांपासून जास्त सावध राहायचं. सेफिक्झिमचं शेपूट वेगळं. पण ओठ सुजण्यापर्यंत गेलेल्या माणसाला सेफ द्यायचं का, हे डॉक्टरांनी समोर बसून ठरवायचं. माझ्यासारख्यानं काउंटरवरून नाही, आणि तुम्ही हे वाचून तर नाहीच. अझिथ्रोमायसिन, क्लिंडामायसिन ही वेगळ्या घराण्यातली आहेत, दाताचे डॉक्टर अशा वेळी बहुधा त्यांच्याकडं वळतात. साधी दाढ काढायला कित्येकदा अँटिबायोटिक लागतही नाही.

शुगरची गोळी. ग्लिमेपिराइड असणार. हिचा जन्म खरंच सल्फाच्या, म्हणजे गंधक असलेल्या जंतू मारणाऱ्या औषधांच्या, घरात झाला. १९४२ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिएला टायफॉइडवर एक नवं सल्फा देऊन पाहत होते, तर पेशंटची साखर खाली जाऊ लागली. त्या धाग्यावरून सल्फोनिलयुरिया गट आला. पण जंतू मारणाऱ्या सल्फाला एका टोकाशी जो अमाइन गट असतो, आणि ॲलर्जीत ज्याचा हात असतो, तो ग्लिमेपिराइडमध्ये नाही. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनाही ही गोळी सहसा सोसते. तुमच्या आईला तर ॲलर्जी पेनिसिलीनची आहे, सल्फाची नाहीच. पेनिसिलीनमध्येही गंधक आहे म्हणून तो सल्फा होत नाही. गंधक तर कांद्यातही असतं.

एक शक्यता मनात असू द्या. कार्डावर पेनिसिलीनची ॲलर्जी लिहिलेल्यांपैकी दहातले नऊ जण नीट तपासल्यावर ते औषध सोसतात. कुणाला नुसत्या उलट्या झालेल्या असतात, कुणाची ॲलर्जी वर्षं गेली तशी विरलेली असते. तुमच्या आईची हकिगत ऐकता ती खरी वाटते, तरी पुढे कधी मेडिकल कॉलेजला दाखवायला गेलात तर तपासणीचं विचारा. घरी थोडीशी गोळी देऊन बघायचा उद्योग मात्र करू नका.

आता कागदाचं. जुनं कार्ड बरोबर ठेवाच, पण ‘डेरिव्हेटिव्हज’ शब्दावर विसंबू नका. एका वेगळ्या जाड कागदावर लिहा: कोणतं औषध, इंजेक्शन की गोळी, कोणत्या साली, किती वेळात काय झालं. ‘टोचल्यावर पंधरा मिनिटांत ओठ सुजले’ आणि ‘चौथ्या दिवशी पुरळ आलं’ यांत डॉक्टरांच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक आहे. खाली लिहा: अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लॉक्सासिलिन, पिपरासिलिन, बेंझाथिन पेनिसिलीन नको, ‘सेफ’नं सुरू होणारी औषधं डॉक्टरांना विचारून. नंतर आजवर सोसलेली अँटिबायोटिक लिहा, ते आमच्या फार कामाचं असतं. नावं मुलाकडून इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहून घ्या, म्हणजे दवाखान्यात कुणालाही वाचता येईल. कागदाला पारदर्शक चिकटपट्टी मारून आईच्या आधार कार्डाच्या पाकिटात ठेवा, कारण दवाखान्यात जाताना आधार कुणी विसरत नाही. आणि मेडिकलवर औषध घेतलं की पट्टी उलटी करून मागचं बारीक अक्षर त्या पोराला मोठ्यानं वाचायला लावा.